बिडी न ओढणाऱ्याचा खोकला

फुप्फुसाचा कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे एकच माणूस डोळ्यांसमोर येतो: सत्तरीचा, कानाला बिडी लावलेला, पारावर बसून खोकणारा. असे रुग्ण आजही आहेत. पण देशभरच्या दवाखान्यांतल्या नोंदी पाहिल्या की त्याच्या शेजारी दुसरेही रुग्ण दिसतात. पंचावन्न वर्षांची गृहिणी, जिनं आयुष्यात बिडी हातात धरली नाही. पन्नाशीचा शिक्षक, सुपारीचंही व्यसन नसलेला. अशा माणसाला खोकला लागला, चालताना दम लागू लागला, खांद्यामागे दुखू लागलं, तर कॅन्सरचा विचार सगळ्यात शेवटी होतो. ‘तो तर काही ओढत नाही’ हे वाक्य घरचे बोलतात, शेजारी बोलतात, कधी कधी गावातले डॉक्टरही बोलतात. त्या वाक्यापायी चार-सहा महिने निघून जातात. या आजारात चार-सहा महिने फार मोठे असतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी हा लेख लिहिला आहे तो याच कारणानं.

आधी आजाराची जात समजून घ्या, कारण पुढची सगळी वाट तिच्यावर ठरते. फुप्फुसाच्या शंभर कॅन्सरांत साधारण पंधरा ‘स्मॉल सेल’ गटाचे असतात आणि पंच्याऐंशी ‘नॉन-स्मॉल सेल’ गटाचे. या दुसऱ्या, मोठ्या गटात मुख्य दोन प्रकार येतात, स्क्वॅमस आणि अ‍ॅडेनोकार्सिनोमा. पूर्वी स्क्वॅमस पुढे होता. हा मोठ्या श्वासनळ्यांत, छातीच्या मध्याकडे सुरू होतो, म्हणून खोकला आणि बेडक्यातून रक्त लवकर दिसतं. त्याचा आणि बिडी-सिगारेटचा संबंध फार घट्ट आहे. अ‍ॅडेनोकार्सिनोमा सुरू होतो तो श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशींतून, आणि बहुतेक वेळा फुप्फुसाच्या कडेला. तिथे दुखण्याच्या नसा नाहीत, मोठी नळी नाही. गाठ सुपारीएवढी झाली तरी माणूस शेतात जातो, बाजार करतो. पुढे ती फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचते आणि छातीत पाणी होतं, किंवा ती हाडात, मेंदूत उतरते. मग पहिली तक्रार पाठदुखीची किंवा अचानक आलेल्या झटक्याची असते आणि फुप्फुसाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आज जगभर फुप्फुसाच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फेब्रुवारी २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२मध्ये जगात फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या पुरुषांपैकी ४५.६ टक्के आणि स्त्रियांपैकी ५९.७ टक्के अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे होते. भारतातही वारं त्याच दिशेला आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमानं २०१२ ते २०१६ या काळातल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पुरुषांत सुमारे एक तृतीयांश आणि स्त्रियांत निम्म्याहून जास्त रुग्ण याच प्रकाराचे निघाले. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१२मध्ये आपल्या ४८९ रुग्णांचा हिशेब मांडला होता. त्यात अ‍ॅडेनोकार्सिनोमा ४३.८ टक्के होता आणि स्क्वॅमस २६.२ टक्के. त्याच हिशेबातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: जवळजवळ निम्मे रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले होते.

वयाचंही तसंच. टाटाच्या त्या रुग्णांचं मधलं वय ५६ होतं. अमेरिकेत हेच वय सत्तरीच्या आसपास असतं. आपल्याकडे लोकसंख्या तरुण आहे हे त्याचं एक कारण. कारण काहीही असो, घरात त्याचा अर्थ सरळ आहे. हा आजार आपल्याकडे निवृत्तीनंतर येत नाही. तो येतो तेव्हा मुलीचं लग्न व्हायचं असतं, पोराची अ‍ॅडमिशन असते, सोयाबीनचं कर्ज डोक्यावर असतं. म्हणून ‘अजून वय कुठं झालंय’ या वाक्यावरही विसंबू नका.

आता आपल्या भागाकडे. २०२०च्या राष्ट्रीय अहवालात देशातल्या २८ लोकसंख्या-आधारित नोंदणी केंद्रांचे आकडे आहेत. त्यांत नांदेड नाही, लातूर नाही. शेजारी मात्र आहेत: एका बाजूला उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड हे जिल्हे, दुसऱ्या बाजूला औरंगाबाद, तिसऱ्या बाजूला हैदराबाद. धाराशिव-बीडचा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. सर्व प्रकारच्या कॅन्सरचा वयानुसार जुळवलेला दर त्या २८ केंद्रांत सगळ्यात कमी तिथेच होता, दर लाख पुरुषांमागे ३९.५ आणि स्त्रियांमागे ४९.४. मिझोरामच्या ऐजॉलमध्ये पुरुषांचा हाच दर २६९.४ होता आणि तिथे एकट्या फुप्फुसाच्या कॅन्सरचा दर पुरुषांत ३८.८ व स्त्रियांत ३७.९ होता. म्हणजे ऐजॉलमधल्या पुरुषांत जेवढा फक्त फुप्फुसाचा कॅन्सर, जवळजवळ तेवढा आपल्या शेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या पुरुषांत सगळे कॅन्सर मिळून.

हा आकडा दिलासा देणारा आहे, आणि तो खराही आहे. ग्रामीण मराठवाड्यात कॅन्सर मुंबई-पुण्याच्या मानानं कमी आहे. पण त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ज्याचं निदान झालं तोच नोंदीत येतो. छातीत पाणी होऊन गेलेली आजी ‘दम्यानं गेली’ म्हणून गावात नोंदली जाते. फुप्फुसाच्या कॅन्सरला सीटी लागतो, सुईनं किंवा दुर्बिणीनं तुकडा काढावा लागतो, तो तपासणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठीसारखा तो डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही.

या बाबतीत बार्शीचं काम प्रत्येक मराठवाडी माणसाला ठाऊक असायला हवं. १९८७मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्यासोबत मराठवाड्यातले परांडा आणि भूम हे तालुके तिच्यात आले. दवाखान्यात येईल त्यालाच मोजायचं, अशी शहरी पद्धत तिथे चालणार नव्हती. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावर जातंय, कोण महिनोन्‌महिने खोकतंय हे विचारत फिरले आणि संशयित माणसांना तपासणीला आणलं. पुढे याच भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा प्रयोग झाला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. त्याचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले आणि एचपीव्ही चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी होतात हे जगानं मराठवाड्यातल्या बायकांकडून शिकून घेतलं. हे सगळं लातूरपासून काही तासांच्या अंतरावर घडलं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांना अशा गावोगाव फिरणाऱ्या नोंदणीची गरज आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आमदारांना, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना निवेदनं देताना रस्त्यांच्या यादीत ही मागणीही घाला.

बिडी, चूल आणि हवा

राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७च्या फेरीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. ओढणारे मात्र सगळ्या प्रौढांत फक्त ३.८ टक्के. उरलेले जवळजवळ सगळे चघळणारे: चुन्यात मळलेली तंबाखू, खर्रा, गुटखा, बायकांची मिश्री. चघळण्यानं तोंडाचा, अन्ननलिकेचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो. फुप्फुसासाठी मुख्य आरोपी धूर आहे. ओढणाऱ्यांचं प्रमाण इतकं कमी असलेल्या राज्यात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांत न ओढणारे बरेच असणार, हे उघड आहे.

तरीही जो ओढतो त्याचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त, यात कसलीही शंका ठेवू नका. अ‍ॅडेनोकार्सिनोमादेखील बिडी-सिगारेटनं होतो. बिडी ‘झाडाच्या पानाची’ म्हणून सौम्य असते, हा समज किनवट-माहूरकडे, जिथे तेंदूपत्ता गोळा होतो, तिथे मी अनेकदा ऐकला आहे. खरी गोष्ट उलटी आहे. तेंदूचं पान हवा आत येऊ देत नाही, बिडी विझू नये म्हणून ओढणारा पुन्हा पुन्हा आणि खोल झुरके घेतो, आणि तंबाखू कमी असूनही डांबर व निकोटिन भरपूर आत जातं. फिल्टरच्या सिगारेटनंही सुटका नाही. तिचा धूर हलका लागतो म्हणून माणूस तो खोल ओढतो आणि तो फुप्फुसाच्या कडेपर्यंत पोचतो. अ‍ॅडेनोकार्सिनोमा वाढण्यामागचं हेही एक कारण मानलं जातं. आज सोडली तर दहा वर्षांनी धोका ओढत राहणाऱ्याच्या साधारण निम्म्यावर येतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आणि घरात ओढू नका. शेजारी बसलेल्या बायकोच्या आणि नातवाच्या फुप्फुसात जाणारा धूरही कॅन्सरचं सिद्ध कारण आहे.

चुलीबद्दल जरा थांबून बोलतो, कारण आपल्याकडच्या बायकांचा प्रश्न इथे आहे. मे २०१६मध्ये उज्ज्वला योजना आली, त्यानंतर गॅस खेड्यांत पुष्कळ पोचला. पण गावात गेलात की चित्र मिश्र दिसतं. चहा आणि भाजी गॅसवर. भाकरी, अंघोळीचं पाणी, जनावरांचं खाद्य चुलीवर. सरपणाला तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, आणि पेटवायला प्लास्टिकची पिशवी. सिलिंडर महाग झाला की चूल पुन्हा दिवसभर पेटते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला तर कोपीसमोरच्या तीन दगडांशिवाय दुसरा पर्यायच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं घरात जाळलेल्या दगडी कोळशाच्या धुराला कॅन्सरचं सिद्ध कारण म्हटलं आहे, तर लाकूड-गोवऱ्यांसारख्या जैविक इंधनाच्या धुराला ‘संभाव्य’ कारण. हा फरक मी मुद्दाम सांगतो. तुमच्या आईला झालेला कॅन्सर चुलीमुळेच झाला असं कुणीही ठामपणे सांगू शकणार नाही. पण धूर कमी केल्यानं काय होतं याचा एक धडा चीनमधून मिळालेला आहे. युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागात न ओढणाऱ्या बायकांत फुप्फुसाचा कॅन्सर प्रचंड होता. घरात धुराडं नसलेल्या शेगडीत धुराचा कोळसा जळत असे. ज्या घरांनी धुराडं असलेली शेगडी बसवली त्यांच्यात पुढच्या वर्षांत कॅन्सर स्पष्टपणे घटला.

आपल्याकडे करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. चूल ठेवायचीच असेल तर ती घराबाहेर, उघड्या ओसरीत हलवा, नाहीतर डोक्यावर धुराडं काढा. ओलं सरपण, प्लास्टिक, रंग लावलेलं लाकूड चुलीत घालू नका. अंघोळीच्या पाण्यासाठी सोलर बंब परवडत असेल तर तो घ्या. चुलीचा सगळ्यात लांब वेळ त्या पाण्यावरच जातो. आणि स्वयंपाकाला बसणाऱ्या बाईच्या मांडीवर लहान मूल देऊ नका.

बाहेरची हवाही हिशेबात धरली पाहिजे. ऑक्टोबर २०१३पासून हवेचं प्रदूषण आणि त्याआधी २०१२पासून डिझेलचा धूर ही कॅन्सरची सिद्ध कारणं म्हणून मान्य झालेली आहेत. लातूरकडे ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, तेव्हा चार दिवस गावं धुरात असतात. पाचट कुट्टी करून रानातच कुजवा, जमिनीचंही भलं होतं. खडी केंद्रावर, दगडखाणीत काम करणाऱ्यांच्या फुप्फुसात जाणारी सिलिकाची धूळ, सिमेंटचे पत्रे कापताना उडणारे अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू हीसुद्धा सिद्ध कारणं आहेत. पत्रा कोरडा कापू नका, पाणी मारून कापा आणि तोंडाला नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क लावा.

टीबीच्या गोळ्यांचे महिने

सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो, तर टीबीच्या संशयात. जगातले साधारण एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत, त्यामुळे खोकला, ताप, वजन घटणं आणि एक्स-रेवर डाग दिसला की डॉक्टरांच्या मनात टीबी आधी येतो आणि ते बरोबरच आहे. चूक पुढे होते. बेडक्यात जंतू सापडलेले नसतात, तरी एक्स-रे पाहून गोळ्या सुरू होतात. महिना जातो, दोन महिने जातात, फरक पडत नाही, तरी ‘सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करा’ असं म्हणत कुटुंब थांबतं. पूर्ण कोर्स झाल्यावर नवा एक्स-रे निघतो आणि डाग मोठा झालेला असतो. राष्ट्रीय नोंदींप्रमाणे फुप्फुसाच्या कॅन्सरचे ४४ टक्के पुरुष आणि ४७.६ टक्के स्त्रिया निदान होतानाच शेवटच्या टप्प्यात, म्हणजे आजार दुसऱ्या अवयवात पसरलेला असताना सापडतात.

म्हणून हे प्रश्न तुम्हीच विचारा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती करून घ्या आणि ‘जंतू सापडले का?’ असं स्पष्ट विचारा. सापडले असतील तर गोळ्या नेमानं घ्या. सापडले नसतील आणि तरीही उपचार सुरू झाले असतील, तर सहा ते आठ आठवड्यांत पुन्हा एक्स-रे काढायला सांगा. डाग तसाच किंवा वाढलेला असेल तर ‘सीटी करायचा का, तुकडा काढायचा का?’ हे विचारायला लाजू नका. गोळ्या स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नका. टीबी आणि कॅन्सर एकाच फुप्फुसात एकत्र असू शकतात, आणि जुन्या टीबीच्या व्रणाजवळ पुढे कॅन्सर होण्याचा धोकाही थोडा वाढलेला असतो.

याशिवाय काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर थेट छातीरोगतज्ज्ञाकडे जावं: बेडक्यातून रक्त; तीन आठवड्यांत न सुटणारा घोगरा आवाज; एकाच बाजूच्या छातीत पुन्हा पुन्हा होणारं पाणी; हाताच्या बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकणं; रात्रीही न थांबणारं खांद्याचं किंवा मणक्याचं दुखणं; पूर्वी कधी झटके न आलेल्या माणसाला आलेला झटका. छातीतलं पाणी काढलं तर ते फेकू देऊ नका. ते पेशींच्या तपासणीसाठी पाठवा, आणि त्याचा ‘सेल ब्लॉक’ करायला सांगा. कित्येकदा निदान तेवढ्यावरच होतं.

‘सुई लावली की पसरतो’ हे आपल्या गावांतलं सगळ्यात घातक वाक्य आहे. सीटी पाहत फुप्फुसात सुई घालून तुकडा काढतात तेव्हा कधी थोडं रक्त येतं, कधी फुप्फुसाभोवती हवा साचते, आणि त्यासाठी डॉक्टर काही तास लक्ष ठेवतात. त्या सुईनं कॅन्सर पसरण्याची भीती धरून तपासणी टाळली तर जातीचा पत्ता लागत नाही, आणि जात कळल्याशिवाय योग्य औषध देता येत नाही.

तुकडा हातात आल्यावर

अ‍ॅडेनोकार्सिनोमा असा अहवाल आला की घरात रडारड होते, आणि ती होणारच. पण या प्रकाराबाबत एक गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांच्या हाती नव्हती. गाठीच्या पेशींतल्या काही बदलांवर थेट काम करणाऱ्या गोळ्या आज मिळतात. सगळ्यात महत्त्वाचा बदल ईजीएफआर नावाच्या जनुकातला. पाश्चात्त्य देशांत तो दहा-पंधरा टक्के रुग्णांत सापडतो, पूर्व आशियात निम्म्यांच्या आसपास, आणि भारतात वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्णांत. तो बायकांत आणि न ओढणाऱ्यांत जास्त सापडतो, म्हणजे ज्यांच्याबद्दल हा लेख आहे नेमक्या त्यांच्यात. दुसरा एएलके नावाचा बदल, तो शंभरात काहीच जणांत असतो, पण त्यावरही गोळ्या आहेत. म्हणून बायोप्सीचा अहवाल आला की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘ईजीएफआर आणि एएलके पाहिलं का?’ हे अहवाल येईपर्यंत, माणूस फारच खालावलेला नसेल तर, घाईनं केमो सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२०मध्ये दाखवून दिलं की ईजीएफआर बदल असलेल्या रुग्णांना गेफिटिनिबच्या गोळीसोबत केमो दिली तर आजार थोपवून धरण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांपर्यंत जातो. गेफिटिनिब आता जुनं औषध झालं आहे, देशी कंपन्यांची मिळतं आणि किंमत खूप उतरली आहे. ओसिमर्टिनिब हे त्यापुढचं औषध महाग आहे. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात त्यावरचं आयात शुल्क माफ झालं. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मदतीच्या योजनांची चौकशी जरूर करा.

मुलांना हा बदल आईकडून येतो का, असं लेकी-सुना विचारतात. जवळजवळ सगळ्या रुग्णांत हा बदल फक्त गाठीतच झालेला असतो, जन्मापासून नसतो. लग्न जमवताना त्याचा बाऊ करू नका.

एक अगदी साधी पण फार उपयोगी सूचना: बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणात बसवून ठेवतात, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. नांदेडहून किंवा लातूरहून मुंबईला जाताना हा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबमधून मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. तो जवळ नसेल तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो आणि त्यात दोन-तीन आठवडे जातात. सीटीची सीडी, टीबीच्या गोळ्यांची चिठ्ठी, जुने एक्स-रे एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून न्या.

कुठे जायचं, याचा विचार गावातल्या माणसाला घाबरवतो. पहिल्या तपासण्यांसाठी मुंबई गाठायची गरज नाही. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, या दोन्ही ठिकाणी छातीरोग विभाग आहे. लातूरला विवेकानंद रुग्णालयाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल लातूर-मुंबई रेल्वेच्या वाटेवरच येतं. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या लोकांना हैदराबाद जवळ पडतं. तिथे एमएनजे हे सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे, मात्र परराज्यात आपली योजना लागू होते का हे आधी विचारून घ्या. परळच्या टाटाला जावं लागलं तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी करा; कॅन्सरच्या रुग्णांसाठी ती वर्षानुवर्षं आधार आहे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसालाही मोठी सवलत मिळते. त्याचा अर्ज उपचार करणाऱ्या रुग्णालयातून भरून, सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो.

पैशाचं. जुलै २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होता. २०१७मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आता ती सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी आहे, कार्ड पिवळं, केशरी की पांढरं हे पाहिलं जात नाही, आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो यांची पॅकेजेस तिच्यात आहेत. नवी प्रत्येक गोळी बसतेच असं नाही, म्हणून आधी विचारा. रुग्णालयात शिरताच दाराजवळ बसलेल्या आरोग्यमित्राला भेटा. पैसे भरून झाल्यावर योजना आठवली तर ती उपयोगी पडत नाही. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव एकसारखं आहे का हे आजच तपासा. चौकशीचे क्रमांक १५५३८८ आणि १८००-२३३-२२००.

आजार फार पुढे गेलेला असेल तरी दवाखाना सोडू नका. दम कमी करण्यासाठी छातीतलं पाणी काढता येतं, हाडाच्या दुखण्यावर किरणांचे थोडे डोस दिले तर रुग्ण झोपू शकतो, मॉर्फिनच्या गोळ्या दुखणं थांबवतात. वेदनाशमन हाही उपचारच आहे, आणि तो मागणं म्हणजे हार मानणं नव्हे.

शेवटी तपासणीच्या पॅकेजांबद्दल, कारण शहरांतल्या जाहिराती आता तालुक्यांपर्यंत आल्या आहेत. कमी किरणांच्या सीटीनं दरवर्षी तपासणी केली तर फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, हे अमेरिकेतल्या ५३ हजारांहून जास्त लोकांवरच्या अभ्यासानं २०११मध्ये दाखवलं. पण ते सगळे पंचावन्न ते चौऱ्याहत्तर वयाचे आणि वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेले लोक होते. चुलीपुढे बसलेल्या, न ओढणाऱ्या बाईला अशा तपासणीचा किती फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि आपल्या फुप्फुसांवर जुन्या टीबीचे इतके डाग असतात की प्रत्येक डागामागे सुई आणि भीती लागेल. सरकारी मोफत तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत, त्या तिन्ही जरूर करून घ्या. फुप्फुसासाठी, तीस वर्षं बिडी ओढलेला माणूस असेल तर डॉक्टरांशी सीटीबद्दल बोला. बाकीच्यांनी पॅकेजवर पैसे घालवू नयेत. ते पैसे तक्रार असलेल्या माणसाच्या पहिल्या एक्स-रेसाठी आणि सीटीसाठी राखून ठेवावेत. घरात कुणी तीन आठवडे खोकत असेल, तर ते बिडी ओढतात की नाही हे न पाहता त्यांना या आठवड्यात एक्स-रेला घेऊन जा.